खिशाकडे गेलेला हात

प्रिय दादा,

माझ्या टेबलापासून तुझ्या केबिनपर्यंत मोजून बावीस पावलं आहेत आणि तरी मी तुला पत्र लिहितेय, म्हणजे हिचं डोकं फिरलंय असं तू म्हणणार. म्हण. आपलं बोलणं झाल्यावरही एक गोष्ट उरलीय, ती समोर येऊन सांगायचं मी तीनदा ठरवलं आणि तिन्ही वेळा तुझ्या दारापर्यंत येऊन भलतंच काहीतरी विचारून परत गेले. एकदा पट्ट्यांची ऑर्डर, एकदा कुत्र्यांच्या लसींच्या तारखा, आणि तिसऱ्यांदा तर किती वाजले हे विचारलं, मनगटावर घड्याळ असताना! तुझी एक भुवई वर गेली की माझं वाक्य जागच्या जागी मोडतं. चव्वेचाळीस वर्षांची बाई मी, दोन घोड्याएवढी मुलं आहेत मला, चवताळलेल्या कुत्र्याच्या तोंडातून हात सोडवून घेतलाय, पण त्या भुवईपुढे मी सात वर्षांची होते. कागदाला भुवया नसतात, म्हणून कागद. पूर्ण वाच, मध्येच फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

आधी मुद्द्याचं सांगते. सोमवारी अकरा वाजता औषधांच्या गोदामात फोर्कलिफ्टवाल्या काकांची चौकशी आहे. एकोणीस वर्षं त्या माणसाने तिथे खोकी उचलली आणि ठेवली, आणि दोन महिने झाले त्यांना घरी बसवलंय. का, तर दुखण्यावरच्या कडक गोळ्या गोदामातून चोरीला जात होत्या आणि तपासणीला नेलेली आपली कुत्री शाई काकांच्या लॉकरसमोर बसली. सोमवारी एक तर त्यांना परत घेतील, नाहीतर चोर म्हणून कायमचं काढतील. दादा, शाईला तिथे नाकाने बसवलं नाही. तिथे तिला मी बसवलं. हे मी सोमवारी सगळ्यांसमोर सांगणार आहे. तू नको म्हणालास, दोनदा म्हणालास, दुसऱ्यांदा तर टेबलावर हात आपटून म्हणालास. तरी सांगणार आहे.

तो दिवस तुला आठवत असेलच. लॉकरची ती लांबट खोली, दोन्ही भिंतींना राखाडी लॉकर, मध्ये बाक, ओल्या बुटांचा वास. दारात गोदामाचा मॅनेजर हाताची घडी घालून उभा, शेजारी तू, आणि बाहेर व्हरांड्यात सगळे कामगार माना उंच करून बघत होते. शाईने उजवी रांग पार केली आणि डावीकडे वळली. पहिला लॉकर, दुसरा, तिसरा. चौथ्याच्या फटीत नाक घातलं, माझ्याकडे बघितलं आणि गुपचूप बसली. बसली म्हणजे सापडलं, हे आता तिथल्या झाडूवाल्यालासुद्धा माहीत आहे. मी उजव्या खिशातून लाल बॉल काढून फेकला, ती आनंदाने वेडीपिशी झाली, आणि मग लॉकर उघडला. निघालं काय आत? एक जादा जाकीट, लोकरी मोज्यांचा जोड, गुडघ्याला लावायचं मलम, फणी, आणि नातीने काढलेलं पिवळ्या फोर्कलिफ्टचं चित्र. त्या फोर्कलिफ्टला पोरीने चक्क पापण्या काढल्या होत्या. गोळी एकही नाही. तेव्हा तू जे म्हणालास ते आपण दोघांनी आजवर शंभरदा म्हटलंय, की माल हलवला असेल, वास मागे राहतो. मॅनेजरने मान डोलावली. विचार कर जरा. गोळ्या सापडल्या तर कुत्रं खरं आणि नाही सापडल्या तरी कुत्रं खरंच. मग ते चुकणार तरी कधी? एकवीस वर्षं मी हे काम करतेय आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता, कप्पाळ माझं.

तो पडला मनगट मोडल्यावर. त्या तपासणीनंतर दहा-बारा दिवसांनी मी कुत्र्यांना अंघोळ घालायच्या ओट्यावर साबणावरून घसरले ते तुला माहीत आहे. डाव्या हातात दोरी धर, नाकाला काय फरक पडतो, असं म्हणून तूच मला चौथ्या दिवशी कामावर बोलावलंस. पाच आठवडे उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. त्या पाच आठवड्यांत शाई आणि मी अकरा ठिकाणी गेलो. ती बसली किती वेळा? एकदा. आणि त्या एका ठिकाणी पाण्याच्या टाकीमागे खरोखर पुडकं निघालं. आधी आठवड्याला दोन-तीनदा बसणारी कुत्री ही. तू म्हणालास आळसावली, वजन वाढलंय, खाणं कमी करा. तू कमी केलेलं खाणं मी स्वयंपाकाच्या मावशींना सांगून परत वाढवलं, हेही आता सांगून टाकते. ती आळसावली नव्हती रे. प्रत्येक कपाटापाशी ती थांबायची, वास घ्यायची आणि माझ्या गळ्यातल्या हाताकडे टक लावून बघायची. पहिले काही दिवस मला भरून यायचं, वाटायचं मुक्या जिवाला किती माया, माझ्या दुखऱ्या हाताची काळजी करतेय. काळजी कसली डोंबलाची! तो हात कधी हलतो याची ती वाट बघत होती.

प्लास्टर निघालं त्या शुक्रवारी तू बाहेरगावी होतास. मी मागच्या शेडमध्ये बारा खोकी मांडली आणि मावशींना बोलावलं. त्यांचा कुत्र्यांच्या जेवणाचा भात शिजत होता, तो झाकून हात पुसत आल्या. पहिल्या दहा फेऱ्या मी सरावाची वासाची डबी ठेवूच दिली नाही, सगळी खोकी रिकामी. मी मनाशी एक खोकं धरायची, शाईला ओळीने न्यायची, आणि त्या खोक्यापाशी पोचले की उजवा हात चार बोटं खिशाकडे न्यायची. बॉलला शिवायचं नाही, नुसता न्यायचा. दहातल्या नऊ वेळा शाई त्याच रिकाम्या खोक्यापुढे बसली, ताठ मानेने, मोठं काम केल्यासारखी. मग उलटा खेळ केला. मावशींनी हवी तिथे डबी लपवायची आणि आम्ही दोघींनी शेडबाहेर, तिला न दिसता, फटीतून बघत राहायचं. डबी कुठे ते मलाही ठाऊक नाही. शाई एकटी आत. नऊ वेळा सोडली, नऊ वेळा बरोब्बर. दहाव्यांदा तिने सगळ्या खोक्यांना एक फेरी मारली, बाहेर आली आणि मावशींसमोर बसली. मावशींनी गंमत म्हणून डबी स्वतःच्या एप्रनच्या खिशात ठेवली होती. पकडलं गं बाई मला, म्हणत त्या हसून हसून खाली बसल्या. मी मात्र रडत होते.

म्हणजे नाक शाबूत आहे, हे मी चौकशीसाठी लिहिलेल्या निवेदनातही म्हटलंय, आणि तुझ्या शिकवण्यातही खोट नाही. पण तिला एक नाही, दोन धडे आलेत. वास आला की बसायचं, बॉल मिळतो. हा तू शिकवलास, सहा महिने खपून. आणि हिचा हात खिशाकडे गेला की बसायचं, तरीही बॉल मिळतो. हा मी शिकवला, मला पत्ताही नसताना. प्रत्येक सरावात डबी कुठे आहे ते मला ठाऊक असायचं. तू पहिल्या दिवसापासून कानीकपाळी ओरडायचास की बक्षीस उशिरा गेलं तर कुत्र्याला कळत नाही ते कशाचं, बसल्या क्षणी बॉल गेला पाहिजे. मी इतकी आज्ञाधारक, इतकी आज्ञाधारक, की ती बसायच्या आधीच माझा हात निघालेला असायचा. उशीर नको म्हणून. चार वर्षं रोज. आणि दुसरा धडा सोपा आहे ना, वास हुंगत बसण्यापेक्षा माणसाचा हात बघणं किती कमी कष्टाचं. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

असते तर काय, केलंच आहे. आई-बाबा कामावर गेले की आपण बटण लपवायचा खेळ खेळायचो, आठवतंय? बाबांच्या कोटाचं तपकिरी बटण. तू लपवायचास आणि मी शोधायची, आणि तू शेजारच्या सगळ्या पोरांना सांगत फिरायचास की आमच्या टिल्लीची नजर घारीची आहे. खरं सांगू? मी खोली बघतच नव्हते. मी तुझा उजवा पाय बघायची. बटणाजवळ मी गेले की तुझा अंगठा चपलेतून वर व्हायचा आणि लांब गेले की खाली. सात-आठ वर्षं तुला कळलं नाही आणि मी सांगितलं नाही, कारण जिंकल्यावर तू मला खांद्यावर घेऊन सगळ्या खोल्यांतून फिरवायचास. ते सोडायला मी मूर्ख होते का?

आता तुझ्या दुसऱ्या सूत्राकडे येते. नवी माणसं कामाला लागली की तू हे फळ्यावर लिहून देतोस. नवीन काही शिकवताना दर वेळी बॉल द्या, पण एकदा अंगवळणी पडलं की कधी द्या, कधी नका देऊ, आणि कधी देणार याचा अंदाज लागू देऊ नका. दर वेळी मिळणारा बॉल बंद झाला तर कुत्रं दोन दिवसांत नाद सोडतं. अधूनमधून मिळणाऱ्या बॉलसाठी मात्र ते जन्मभर धावतं. गेल्या महिन्यात हेच मी नव्या तिघांना समजावत होते आणि बोलता बोलता मध्येच गप्प झाले. ते बिचारे वहीत पेन टेकवून माझ्याकडे बघत राहिले. मला तुझ्या शाबासक्या आठवल्या. एकवीस वर्षांत अकरा. हसू नकोस, मी प्रत्येकीची जागा सांगू शकते. एक त्या जबडा मोडलेल्या अल्सेशियनने माझ्या हातून तोंडाला जाळी घालून घेतली तेव्हाची, गेटपाशी. एक शाईची पहिली परीक्षा झाली तेव्हाची, जिन्यात, आणि तीही तू वर चढता चढता, मागे न बघता दिलीस. या दोन्हींच्या मध्ये साडेतीन वर्षं गेली. त्या साडेतीन वर्षांत मी तापात कामावर आले, धाकट्याच्या शाळेचा कार्यक्रम सोडून आले, नवऱ्याबरोबर ठरवलेली सहल आदल्या दिवशी मोडली. नवरा म्हणाला, अगं तो तुला साधं बरं म्हणत नाही आणि तू त्याच्यासाठी जीव टाकतेस. मी त्याच्यावरच खेकसले. आता कळतं, जीव टाकत होते कारण तो साधं बरं म्हणत नव्हता.

तू हे ठरवून केलंस असं मी म्हणत नाही. तू तेवढा हुशार नाहीस, रागावू नकोस. बाबांनी तुला असंच वाढवलं आणि तू ते पुढे चालवलंस. आणि मीही काही धुतल्या तांदळाची नाही. एक गंमत सांगते. तुझा पारा चढला की मी काय करते? चहा टाकते. गेली कितीतरी वर्षं, तू ओरडलास की दहा मिनिटांत तुझ्यापुढे आल्याचा चहा आणि दोन बिस्किटं. तू निवळतोस आणि मला वाटतं काय शहाणी आहे मी. अरे, ओरडलं की चहा मिळतो हे मीच तुला शिकवलंय! वहिनी म्हणते घरी तो एवढा तापट नाही, ऑफिसातच काय होतं त्याला कळत नाही. तिला सांग, तुझ्या नणंदेने बिघडवलाय. गेले तीन आठवडे मी चहा बंद केलाय, तुझ्या लक्षात आलं का? दोनदा ओरडून तू दाराकडे बघत बसला होतास.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण मागच्या बुधवारी मी फोर्कलिफ्टवाल्या काकांना भेटून आले. घरी नाही गेले, धीर झाला नाही. त्यांच्या इमारतीसमोर बाग आहे, तिथल्या बाकावर ते सकाळी बसतात असं कळलं होतं. शाई बरोबर होती, कामाचं जाकीट न घालता. मला बघून ते उठले, म्हणजे मान द्यायला उठले, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहिली चौकशी शाईची. हिची तब्येत बरी दिसते, म्हणाले. मग हळूहळू बाकीचं बोलले. मुलगा काही म्हणत नाही, पण घरातला औषधांचा डबा आता सुनेच्या कपाटात कुलपात असतो. डोकं दुखलं तर गोळी मागून घ्यावी लागते आणि ती पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहते, गिळेपर्यंत. नात विचारते, आजोबा तुम्ही फोर्कलिफ्ट का नाही चालवत, तर सगळे एकदम टीव्हीकडे बघतात. मी म्हटलं, काका, तुम्ही भांडला का नाहीत? तर म्हणाले, कोणाशी भांडू? माणूस असता तर म्हटलं असतं खोटं बोलतोस. मुकं जनावर कशाला खोटं बोलेल? मलाच वाटायला लागलंय की कधी चुकून माझ्या हाताला काही लागलं असेल, कोणी माझ्या जाकिटात काही ठेवलं असेल. मी रोज आठवून बघतो. आणि निघताना त्यांना काळजी कसली, तर त्यांच्या जागी जो नवा माणूस आलाय त्याला निरोप द्या, तीन नंबरच्या गाडीचे ब्रेक धड लागत नाहीत, मी लेखी दिलं होतं, कोणी बघितलंच नाही. दादा, त्या माणसाला स्वतःच्या हातांवर विश्वास राहिला नाही. ते माझ्या हातामुळे. मी तिथेच त्यांना सगळं सांगितलं. मग त्यांनी शाईच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला विचारलं, हे तुम्ही माझ्या सुनेला सांगाल का?

त्याच दुपारी मी तुझ्याकडे आले आणि खोक्यांचं सगळं सांगितलं, तू आधी नुसतं नको म्हणालास आणि मग टेबलावर हात आपटलास. तुझं म्हणणं मी ऐकलं नाही असं नाही. एका लॉकरचं खोटं ठरलं की आजवरच्या सगळ्या बसण्यांवर लोक बोट ठेवतील, बारा कुत्री, अठरा माणसं, तुझी सगळी उमर या पथकात गेली. खरं आहे, ठेवतील बोट. ठेवू देत! ठेवायलाच हवं. इतकी वर्षं आपण कुणाकुणाच्या लॉकरसमोर बॉल फेकले आणि हसत बाहेर पडलो, त्यांतल्या किती जणांच्या घरी डबे कुलपात गेले असतील, मला आता झोपताना तेच दिसतं. बाराही कुत्र्यांना परत तपासू. डबी लपवणारा वेगळा, दोरी धरणारा वेगळा, आणि धरणाऱ्याला काही ठाऊक नाही, असं. मावशी तयार आहेत, त्यांना तो खेळ फारच आवडलाय.

आणि मग शुक्रवारी तू काय केलंस? सगळ्यांना अंगणात बोलावलंस आणि सगळ्यांदेखत म्हणालास की या पथकात माझ्यानंतर कोणी असेल तर ती टिल्ली, पुढच्या महिन्यापासून शिकवण्याची सगळी जबाबदारी तिची, शाब्बास. बारावी! खोटं कशाला बोलू, माझं शेपूट हललं. कान तापले, टाळ्या वाजत होत्या, आणि एक क्षण, एक नाही चांगले पाच-सहा क्षण, मला वाटलं की काकांना काय, दुसरीकडे कुठेतरी काम मिळेल. इतकी मी शिकलेली आहे. संध्याकाळी भांडी घासताना मला माझीच किळस आली. एका शब्दात तू मला विकत घेतलंस, आणि तू तो शब्द नेमका आत्ताच का काढलास हे कळत असूनही मी जवळजवळ विकले गेले होते. ती जबाबदारी मला नको. हवी होती, दहा वर्षं हवी होती, पण अशी नको. तसं पत्र वेगळं लिहून तुझ्या टेबलावर ठेवलंय.

पुढे काय होणार तेही मला माहीत आहे, कारण तेही तूच शिकवलंस. बॉल बंद केला की कुत्रं आधी शांत होत नाही, आधी चेकाळतं. जास्त ओरबाडतं, भुंकतं, अंगावर येतं, कारण आजवर एवढ्याने काम झालेलं असतं. तेव्हा जो धरणारा घाबरून बॉल देतो तो कायमचा हरतो, असं तू फळ्यावर दोन रेघा मारून लिहितोस. तर तू चेकाळणार. आधी ओरडशील, मग वहिनीला फोन करायला लावशील, मग आईच्या आजारपणात कोणी काय केलं ते काढशील, मग अबोला धरशील, आणि तुझा अबोला मला सगळ्यात जड जातो हे तुला पक्कं ठाऊक आहे. कर सगळं. मी दोरी धरून उभी आहे, हलणार नाही. चहाही येणार नाही.

आता शेवटचं, आणि खरं तर हे पत्र एवढ्याचसाठी लिहिलं. माझं दोन पानी निवेदन मी काल चौकशीच्या बाईंच्या हातात देऊन आले. माझा हात, बारा खोकी, मावशी, सगळं त्यात आहे, तू नाहीस. त्यांनी ते उभ्याउभ्या वाचलं आणि एकच विचारलं, की साठ लॉकर होते, मग तुमचा हात नेमका चौथ्यापाशीच का गेला? मी म्हटलं, सोमवारी सांगते. दादा, त्या सकाळी गाडीत बुटाची नाडी बांधता बांधता तू म्हणाला होतास, डावी रांग, चौथा लॉकर, तिथे जरा नीट बघ, मॅनेजरला संशय आहे. शाईला लॉकर ठाऊक नव्हता, मलाही नव्हता, तो तू सांगितलास. तुला तो ज्याने सांगितला त्याच्या टेबलावर काकांची ब्रेकची तक्रार पडलेली होती. हे तुला तेव्हा ठाऊक होतं की नाही, ते मला ठाऊक नाही. ते वाक्य मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. ते तुझं आहे आणि ते तू सांगावंस असं मला फार फार वाटतं. सोमवारी ये. मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसेन, आणि नंतर तुला कोणी काही बोललं तर आधी माझ्याशी गाठ आहे. नाही आलास, तर अकरा वाजून पाच मिनिटांनी ते वाक्य मी सांगेन, आणि कोण म्हणालं असं विचारलं की जन्मात पहिल्यांदा दादा न म्हणता तुझं नाव घेईन.

तुझीच,
टिल्ली